दख्खनच्या कालव्यांचा जमाखर्च : खडकवासल्यापासून प्रवरेपर्यंत

पाण्याच्या एखाद्या कामावर किती पैसा घालावा आणि त्यापासून किती लाभ होईल, हा प्रश्न आज अर्थशास्त्राचा मानला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु त्याचे उत्तर ज्या रकान्यांत मांडले जाते त्या रकान्यांना नावे असतात. ती नावे कोणी दिली, त्यांत काय मावले आणि काय बाहेर राहिले, हे पाहणे इतिहासाचे व काही अंशी भाषाभ्यासकाचेही काम आहे. इ. स. १८६० नंतर पश्चिम महाराष्ट्रात जे मोठे सरकारी कालवे झाले, त्यांच्या हिशेबाकडे प्रस्तुत लेखात या दृष्टीने पाहावयाचे आहे. प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्याने आकड्यांपेक्षा शब्दांकडे अधिक लक्ष गेले, तर वाचकांनी ते चालवून घ्यावे.

इंग्रजी अंमलापूर्वी पाण्याच्या कामाचा हिशेब मुळीच होत नसे, असा एक समज आहे. तळे, विहीर, धर्मशाळा ही ‘पूर्त’ कर्मे. यज्ञयागादी ‘इष्ट’ कर्मांबरोबर ‘इष्टापूर्त’ या जोडशब्दात त्यांचा उल्लेख येतो, आणि त्यांचे फळ म्हणजे पुण्य. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांतून पुण्यास पाणी आणून शहरातील हौद भरले गेले, तेव्हा त्या खर्चावर शेकडा किती सुटेल असे कोणी विचारले असण्याचा संभव नाही. परंतु शेतीच्या पाण्याची गोष्ट वेगळी होती. जुन्या महसुली कागदांतून ‘पाटस्थळ’ आणि ‘मोटस्थळ’ असे जमिनीचे भेद येतात. पाटाने भिजणारी ती पाटस्थळ, मोटेने भिजणारी ती मोटस्थळ. दोहोंचा दर जिराइतीहून वेगळा. नव्याने लागवडीस आणलेल्या जमिनीस ‘इस्तावा’ मिळे, म्हणजे सारा प्रथम हलका ठेवून वर्षावर्षाने चढवीत नेला जाई. पाण्याचा किंवा मेहनतीचा लाभ शेतात दिसू लागल्यावर त्यातला वाटा सरकारने घ्यावयाचा, असा हा हिशेब होता. तो कामाच्या आधी कागदावर मांडला जात नसे. तो नंतर, त्या त्या शेतात, त्या त्या वर्षी होई.

खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवरील फडांत खर्चाची बाजूही अशीच गावात राहिली होती. बंधाऱ्याची व पाटाची दुरुस्ती जमिनीच्या प्रमाणात वाटून घ्यावयाची, एका फडात एकच पीक घ्यावयाचे, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यास धान्याच्या रूपाने मोबदला द्यावयाचा. लाभ घेणारा आणि खर्च सोसणारा येथे एकच होता. सबब लाभाचा अंदाज आगाऊ करून तो दुसऱ्या कोणास पटवून देण्याची गरज पडत नव्हती.

ही गरज उत्पन्न झाली ती कर्जामुळे. इ. स. १८६० नंतरच्या दशकात हिंदुस्थान सरकारने पाटबंधाऱ्यांची कामे कर्जाऊ पैशाने करण्याचे धोरण स्वीकारले. कर्ज लंडनच्या बाजारातून उभारावयाचे, त्याचे व्याज नियमाने भरावयाचे. म्हणून ज्या कामाच्या निव्वळ उत्पन्नातून त्याच्या भांडवलाचे व्याज भरून निघेल तेवढीच कामे कर्जातून करण्यास योग्य ठरली. अशा कामास ‘उत्पादक’ हे नाव मिळाले. पुढे रूढ झालेला नियम असा की, काम पुरे झाल्यापासून १० वर्षांच्या आत निव्वळ उत्पन्नाने व्याजाची बरोबरी केली पाहिजे. येथे ‘उत्पादक’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. कालव्याखालील शेतात ज्वारीचे पीक दुप्पट आले तरी त्यामुळे कालवा उत्पादक ठरत नसे. पाणीपट्टीच्या रूपाने सरकारच्या तिजोरीत किती पडले, एवढेच ‘उत्पादन’. शेतात उगवणाऱ्या गोष्टीचे नाव उचलून ते तिजोरीत जमणाऱ्या गोष्टीस दिले गेले, आणि पुढील पाऊणशे वर्षे ते तसेच राहिले.

खडकवासल्याचे धरण हे या नियमाच्या छायेत उभे राहिलेले दख्खनमधील पहिले मोठे काम होय. इ. स. १८६३-६४ च्या सुमारास फाईफ या लष्करी इंजिनियराने मुठेच्या खोऱ्याची पाहणी केली. दशकाच्या अखेरीस बांधकाम सुरू झाले आणि पुढील दशकाच्या अखेरीस ते बहुतांशी पुरे झाले. तलावास फाईफचेच नाव देण्यात आले. या कामाचा हेतू दुहेरी होता. पुणे व खडकी येथील लष्करी छावण्यांस आणि पुणे शहरास पिण्याचे पाणी द्यावयाचे, आणि पुण्याच्या पूर्वेस हडपसर, मांजरीकडून पाटसच्या दिशेने जाणाऱ्या अवर्षणी पट्ट्यास शेतीचे पाणी द्यावयाचे. एकाच भिंतीने दोन प्रकारचे पाणी अडविल्यावर त्या भिंतीच्या खर्चाचा कितवा हिस्सा शहराच्या नावे टाकावयाचा आणि कितवा शेतीच्या, हा प्रश्न तेव्हाच उपस्थित झाला. तो आजही सुटलेला नाही. पुणे महानगराची तहान आणि दौंड-इंदापूरच्या शेतीची मागणी यांत दर उन्हाळ्यास जो वाद होतो, तो त्या पहिल्या अंदाजपत्रकातील न विभागलेल्या खर्चाचा वंशज म्हणावयास हरकत नाही. छावणीतील शिपायांचे आरोग्य हा लाभ सरकारला पुरेपूर कळत होता; पण त्यास रुपयांत मांडण्याची रीत नव्हती, म्हणून उत्पन्नाच्या रकान्यात आले ते केवळ पाण्याचे बिल.

शेतीच्या बाजूने अंदाज चुकला तो अधिक मूलभूत रीतीने. उत्तर हिंदुस्थानातील व मद्रासकडील कालव्यांच्या अनुभवावरून असे गृहीत धरले गेले होते की, कालवा नेला म्हणजे शेतकरी पाणी घेईल आणि पट्टी भरील. दख्खनच्या काळ्या जमिनीत ही गोष्ट तशी नव्हती. ती जमीन ओल धरून ठेवते. पाऊस बरा झाला तर ज्वारी-बाजरीस पाटाच्या पाण्याची फारशी गरज नसते, आणि ज्या वर्षी गरज असते त्या वर्षी ती सर्वांना एकदम असते. परिणामी चांगल्या वर्षी पाणी वाया जाई व पट्टी येत नसे. वाईट वर्षी पाणी मागणारे फार आणि पुरवठा तोकडा. बागाईत करावयाची तर विहिरी, खत, बैल, भांडवल हे सगळे हवे, आणि ते फार थोड्यांजवळ होते. दख्खनचे बहुतेक कालवे १० वर्षांच्या कसोटीस उतरले नाहीत ते यामुळे.

या ठिकाणी युरोपकडे क्षणभर वळणे अवश्य आहे. फाईफची पाहणी सुरू होण्याच्या सुमारे २० वर्षे आधी, इ. स. १८४४ मध्ये, ज्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच इंजिनियराने सार्वजनिक कामांची उपयुक्तता कशी मोजावी यावर एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यातील एक उदाहरण नेमके नगराच्या पाणीपुरवठ्याचे आहे. पाणी महाग असता मनुष्य पिण्यापुरते घेतो. स्वस्त झाले की धुण्यास, आणखी स्वस्त झाले की बागेस घेतो. म्हणून प्रत्येक घागरीची उपयुक्तता निराळी असते, आणि मनुष्य ती घागर न सोडता जास्तीत जास्त जितके देण्यास तयार होईल तितकी ती असते. त्याने प्रत्यक्ष दिलेले मोल हे त्या उपयुक्ततेचा एक भाग फक्त असते. उरलेला भाग त्याच्या पदरात राहतो आणि कोणाच्याच वहीत चढत नाही. तिजोरीत पडलेली रक्कम म्हणजे कामाचा लाभ नव्हे, हे इतक्या स्वच्छ रीतीने तेव्हाच सांगितले गेले होते. हिंदुस्थानच्या बांधकाम खात्याच्या नियमांत मात्र त्याचा मागमूस दिसत नाही. कर्ज फेडणाऱ्यास लोकांच्या पदरात काय राहिले याच्याशी कर्तव्य नसते.

द्युपुईच्या विचारात एक अट गृहीत आहे : पाणी घेणारा ते मोजून, हवे तेवढे, हवे तेव्हा घेतो आणि त्याचे मोल देतो. दख्खनमध्ये ही अट होती काय? माझ्या मते याचे उत्तर ‘पाणीपट्टी’ या शब्दातच आहे. मराठी महसुली भाषेत ‘पट्टी’ म्हणजे वस्तूची किंमत नव्हे. मिरासपट्टी, सिंहासनपट्टी हे शब्द पाहावेत. पट्टी म्हणजे एखाद्या निमित्ताने नेहमीच्या साऱ्यावर बसविलेला जादा कर. किंमत देऊन वस्तू घ्यावयाची की न घ्यावयाची हे घेणाऱ्याच्या मर्जीवर असते. पट्टी बसते, ती कोणी विकत घेत नाही. इंग्रजी अहवालांतून अधिकारी पाण्याचे दर, पाण्याची विक्री, पाण्याची मागणी असे शब्द वापरीत होते, आणि त्याच वेळी शेतकरी त्या रकमेस ‘पट्टी’ म्हणत होता. दोघे एकाच रुपयाबद्दल बोलत होते, पण एकाच व्यवहाराबद्दल नव्हे.

हा भेद ज्याने सर्वांत स्पष्ट ओळखला तो मनुष्य खडकवासल्याच्या जमाखर्चाच्या दोन्ही बाजूंस उभा होता. जोतीराव फुले यांनी धरणाच्या बांधकामास माल पुरविण्याचा मक्ता घेतला होता, आणि पुढे कालव्याच्या पाण्याखाली मांजरी येथे त्यांनी शेतीही केली. खर्चाचा पैसा कसा वाटला जातो हे त्यांनी मक्तेदार म्हणून पाहिले आणि लाभाचे पाणी कसे वाटले जाते हे बागाईतदार म्हणून. इ. स. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात पाटबंधारे खात्यावर त्यांनी जी टीका केली आहे तिचा रोख धरणे बांधण्याविरुद्ध मुळीच नाही. तलाव, बंधारे, विहिरी अधिक व्हाव्यात असेच त्यांचे म्हणणे आहे. त्यांची तक्रार अशी की, खाते पाण्याचे पैसे घेते, पण शेतकऱ्यास त्याच्या गरजेपुरते पाणी वेळेवर मिळाले की नाही याची जबाबदारी घेत नाही. यावर त्यांनी सुचविलेला उपाय म्हणजे प्रत्येक शेतकऱ्यास त्याच्या जमिनीच्या मानाने पाण्याची तोटी करून द्यावी. ही सूचना पुष्कळदा एक सुटी, व्यावहारिक कल्पना म्हणून उद्धृत केली जाते. मला ती त्याहून महत्त्वाची वाटते. तोटी आली की पाणी मोजले जाते. मोजले गेले की पट्टीची किंमत होते. आणि किंमत झाली की लाभाचा अंदाज करणे प्रथमच शक्य होते. फुल्यांनी द्युपुई वाचला असण्याचे काही कारण नाही. मांजरीच्या शेतातून जे दिसत होते ते त्यांनी लिहिले.

लाभाचा दुसरा अर्थ दुष्काळाने आणला. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला, आणि दुष्काळाच्या तरतुदीसाठी दरसाल दीड कोट रुपये बाजूस काढण्याची व्यवस्था झाली. या रकमेतून, व्याज सुटो वा न सुटो, दुष्काळी मुलखाच्या रक्षणासाठी जी कामे करावयाची त्यांस ‘संरक्षक’ म्हणू लागले. हे कामाचे वर्णन जितके आहे तितकेच अपयशाचे सौम्य नामकरणही आहे. ‘उत्पादक’ ठरण्याची आशा नसलेल्या कामास दुसरे नाव द्यावयाचे होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले, आणि १९०१ मध्ये सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधारे आयोग बसला. १९०३ च्या त्याच्या अहवालाने संरक्षक कामांच्या हिशेबास प्रथमच एक तर्कशुद्ध पाया दिला. कालव्यामुळे दुष्काळी कामे, धर्मार्थ शिधा व साऱ्याची सूट यांवर होणारा जो खर्च वाचेल तो कालव्याच्या जमेस धरावा, आणि तेवढ्या प्रमाणात भांडवलाचा बोजा सरकारने सोसावा. प्रवरा, गोदावरी आणि निरेचा उजवा कालवा या दख्खनमधील मोठ्या योजनांना पुढे चालना मिळाली ती या विचारामुळे.

हे पाऊल मोठे होते यात शंका नाही. तथापि ते तिजोरीच्या उंबऱ्याबाहेर पडले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. टळलेला दुष्काळ लाभ ठरला, पण तो सरकारचा वाचलेला खर्च म्हणून. सरकारी दुष्काळी कामावर आला नाही आणि घरीच मेला, किंवा गुरे विकून मुंबईस गेला, अशा माणसाचे वाचणे या पद्धतीत शून्य किमतीचे ठरते. कारण त्याच्यावर सरकारचा पैसा खर्च झालाच नव्हता. जेथे सरकार सर्वांत कंजूष तेथे वाचण्यासारखा खर्चही कमी, म्हणून तेथे कालव्याचे समर्थनही दुबळे, असा चमत्कारिक निष्कर्ष या हिशेबातून निघतो.

याशिवाय व्याजाच्या दराचा खेळ निराळाच होता. उत्पादकतेची कसोटी १९१९ पर्यंत ४ टक्क्यांची होती. १९२१ पासून ती ६ टक्के झाली आणि १९३७ मध्ये पुन्हा ४ वर आली. वर्षाला १ लाख रुपये निव्वळ उत्पन्न देणारे काम ४ टक्के दराने २५ लाखांच्या भांडवलास पुरते, ६ टक्क्यांनी पावणेसतरा लाखांनासुद्धा पुरत नाही. म्हणजे पाऊस तोच, पीक तेच, पट्टी तीच. लंडनच्या बाजारात पैसा महाग झाला की नगर जिल्ह्यातील कालवा एका रात्रीत अनुत्पादक. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. त्याच्या पायाचा दगड एका दराच्या काळात बसला आणि माथ्याचा दुसऱ्या. संरक्षक म्हणून मंजूर झाल्याने या कसोटीने त्याचे काम अडले नाही, पण ती कसोटी नजरेआड होऊ शकली नाही. बांधकाम लांबले की साचलेले व्याज भांडवलास जोडले जाई, आणि काम पुरे होण्याआधीच त्याच्या डोक्यावरचा बोजा वाढे.

संरक्षणासाठी बांधलेल्या कालव्यांनी उत्पन्नासाठी काय केले, हा या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. ज्वारीचा शेतकरी पट्टी देत नाही. ऊसवाला देतो, आणि बारमाही देतो. कालव्याच्या अधिकाऱ्यावर तोटा कमी करण्याचे दडपण होते, म्हणून पाणी उसाकडे वाहू लागले. दुष्काळापासून अनेकांना थोडे थोडे वाचविण्यासाठी आणलेले पाणी थोड्यांना पुष्कळ मिळू लागले. यावर तोड म्हणून, खानदेशात नोकरी केलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निरा कालव्यावर गट पद्धत सुरू केली. पाणी काही ठरावीक गटांस काही वर्षांच्या करारावर द्यावयाचे, आणि गटातील सुमारे एक-तृतीयांश जमिनीतच ऊस घेऊ द्यावयाचा. उरलेल्या जमिनीत हलकी पिके. एकाच कालव्यात ‘उत्पादक’ आणि ‘संरक्षक’ या दोन शब्दांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न होता, आणि जुन्या फडांशी त्याचे काही साम्य आहे. एक फरक मात्र आहे. फडात पीक कोणते घ्यावयाचे हे फडकरी मिळून ठरवीत; गटात ते खाते ठरवी.

उसाच्या पाण्याने आणखी एक गोष्ट केली, तिला अंदाजपत्रकात रकानाच नव्हता. काळ्या, खोल जमिनीत वर्षभर पाणी मुरत राहिले, भूजल वर आले आणि त्याबरोबर क्षार पृष्ठभागावर आले. निरेच्या खोऱ्यातील या खारट झालेल्या जमिनींवर हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी १९१० मध्येच शास्त्रीय पत्रिका प्रसिद्ध केली. डाव्या कालव्यावर पाणी खेळू लागून तेव्हा पाव शतकच लोटले होते. शास्त्रज्ञांच्या आधी शेतकऱ्यांनी ही गोष्ट ओळखली होती, याचा पुरावा म्हणजे त्यांचे शब्द. पाणी साचून पाय रुतेल अशी निकामी झालेली जमीन ती ‘चिबड’. क्षाराने कडक, निचरा न होणारी ती ‘चोपण’. खार फुटलेली ती ‘खारवट’. एका अनर्थाच्या तीन अवस्था बोलीने वेगवेगळ्या नोंदविल्या आहेत. हे शब्द कालव्यांहून जुने आहेत, पण कालव्यांनी त्यांना रोजच्या वापरात आणले. खर्चाच्या ज्या कलमास सरकारी वहीत नाव नव्हते, त्यास शेतकऱ्याजवळ तीन नावे होती. चिबड झालेल्या जमिनीचा मालक आपल्या जमिनीच्या रूपाने कालव्याचा खर्च देत होता, आणि हा खर्च भांडवलात कधी धरला गेला नाही.

लाभाचा तिसरा, आणि खऱ्या अर्थाने व्यापक, अर्थ आला तो प्रवरा व गोदावरी कालव्यांच्या निमित्तानेच. अमेरिकेत १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने असे ठरविले होते की, लाभ कोणासही मिळो, तो अंदाजित खर्चाहून अधिक असला तर मध्यवर्ती सरकारने काम हाती घ्यावे. लाभाचा मालक कोण हा प्रश्न येथे प्रथमच बाजूस सारला गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली या दोन कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी केली, आणि तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी असे त्याच्या उपशीर्षकातच म्हटले आहे. कालव्याचे पाणी पोचलेली गावे आणि शेजारची कोरडवाहू गावे समोरासमोर ठेवून पीक, मजुरी व उत्पन्न यांत काय अंतर पडते ते पाहावयाचे, अशी तिची रीत होती. तिजोरीच्या वहीऐवजी घराघरांतून माहिती गोळा करून लाभ मोजण्याचा आपल्याकडील हा पहिला मोठा प्रयत्न होय.

या रीतीतील अडचण वाचकांच्या ध्यानी आलीच असेल. कालवा येण्यापूर्वीचे आणि नंतरचे गाव यांची तुलना एक, आणि कालवा असलेले व नसलेले गाव यांची तुलना दुसरी. पहिलीत मधल्या काळातील सगळे बदल कालव्याच्या खात्यावर जमा होतात. दुसरीत असे गृहीत धरावे लागते की, कालवा नसता तर भिजलेले गाव आज शेजारच्या कोरड्या गावासारखे असते. आणि कालवा नेताना इंजिनियर तर उताराची, चांगल्या मातीची गावे पाहूनच नेतो. त्यातून दुसरी तुलना अधिक सशास्त्र, म्हणून पाहणीने ती निवडली ते योग्यच झाले. परंतु एक कारण दोन्हींत सारखेच दडून राहते, आणि ते म्हणजे साखर. १९३२ मध्ये हिंदुस्थान सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली. नगर जिल्ह्यातील उसाचे पैसे होऊ लागले ते भंडारदऱ्याच्या पाण्याने आणि या जकातीने मिळून. जकात नसती तर त्याच पाण्याचा लाभ कितीतरी कमी भरला असता. तेव्हा साखर खाणाऱ्या सबंध देशाने जे जादा मोल दिले, त्यातील काही भाग आपण कालव्याच्या जमेस धरतो आहोत. हा आक्षेप पाहणीचे महत्त्व कमी करीत नाही. लाभ जसजसा तिजोरीपासून दूर नेऊन मोजावा तसतसे त्याचे मूळ एकट्या पाण्यात सापडेनासे होते, इतकेच त्यावरून दिसते.

गाडगीळ केवळ मोजून थांबले नाहीत, हा या पाहणीचा उत्तरभाग विलक्षण आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी येथे प्रवरेच्या पाण्यावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास तो चालू झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. कालव्याचा अप्रत्यक्ष लाभ कोणाच्या हाती जातो याचा अभ्यास केलेल्या माणसाने तो ऊस पिकविणाऱ्याच्या हाती राहावा अशी संस्था उभारण्यास हातभार लावला. लाभाचे मोजमाप आणि लाभाचे वाटप या दोन गोष्टी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत वेगळ्या प्रकरणांत असतात. येथे त्या एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या. अर्थात कारखान्याने उसाची ओढ आणखी वाढविली, आणि संरक्षक म्हणून आरंभिलेल्या कालव्याचे नाव व रूप यांतील अंतर त्यामुळे आणखी रुंदावले, हेही नमूद केले पाहिजे.

यापुढील कथा देशभराची आहे व ती येथे थोडक्यात सांगितली तरी चालेल. गोखले संस्थेच्याच सोवनी व रथ यांनी हिराकुड धरणाच्या आर्थिक लाभांची पाहणी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. १९६४ मध्ये निजलिंगप्पा समितीने तिजोरीच्या परताव्याची जुनी कसोटी सोडून लाभ-खर्चाचे प्रमाण पाहावे, आणि ते दीड असल्यास काम योग्य समजावे, अशी शिफारस केली. शंभर वर्षांनी ‘उत्पादक’ हा शब्द शेतात परत आला, असे म्हणता येईल. पण एक नवी अडचण त्याबरोबर आली. परतावा कमी पडला तर तिजोरीत तो दिसत असे, कोणीतरी जाब विचारी. लाभ-खर्चाचे प्रमाण काम मंजूर होताना एकदा मांडले जाते. काम झाल्यावर ते पुन्हा मांडून पाहण्याचे बंधन कोणावर नसते. विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्पाचा मूळ अंदाज १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता. २००८ च्या सुमारास तो ७,७७७ कोटींवर, आणि पुढे १८,००० कोटींच्या वर गेला. यात महागाईचा वाटा मोठा आहे हे खरे. पण जे प्रमाण पाहून काम मंजूर झाले त्या प्रमाणाचे पुढे काय झाले, हे अशा वेळी विचारण्यास जागा उरत नाही.

लाभाच्या रकान्याचा अर्थ याप्रमाणे तिजोरीपासून टळलेल्या दुष्काळापर्यंत व तेथून समाजाच्या उत्पन्नापर्यंत विस्तारत गेला. खर्चाचा रकाना मात्र जवळजवळ तसाच राहिला. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याप्रमाणे घेतलेल्या जमिनीची बाजारभावाने किंमत आणि सक्तीबद्दल तिच्यावर १५ टक्के, एवढे दिले की धरणाखाली बुडणाऱ्या गावाचा हिशेब मिटे. त्या गावातील शेतमजूर, बलुतेदार, गुराखी यांच्या बुडालेल्या कामाला त्यात कलम नव्हते. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या वीजनिर्मितीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याचे कारण दर कमी मिळतो एवढेच नव्हते. जमीन ही किंमत देऊन फिटण्यासारखी वस्तू आहे, हे गृहीतच त्यांनी नाकारले होते. धरण झाले, ते गृहीत पुढील अंदाजपत्रकांत जसेच्या तसे राहिले. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि खडकवासल्याची जुनी भिंत त्या लोंढ्याने तुटली, तेव्हा काठच्या पेठांनी जो खर्च सोसला तोही कोणत्याच अंदाजात नव्हता.

शासकीय मराठीने यानंतर जे शब्द घडविले ते या दृष्टीने लक्ष देण्यासारखे आहेत. कालव्याने भिजू शकणाऱ्या प्रदेशास इंजिनियर ‘कमांड’ म्हणतात. कालव्याच्या पातळीचा ज्या जमिनीवर ताबा चालतो ती, एवढाच त्याचा अर्थ आहे. मराठीत त्यास ‘लाभक्षेत्र’ म्हणतात. पाणी पोचण्यापूर्वीच लाभ झाला, असे हा शब्द सांगतो, आणि कालव्याच्या शेपटाकडील शेतकरी वर्षानुवर्षे लाभक्षेत्रात राहूनही पाण्याची वाट पाहत असतो. उलट बाजूस ‘बुडीत क्षेत्र’ हा शब्द आहे. ‘बुडीत’ हा सावकारी वहीतला जुना शब्द. जे येणे वसूल होण्याची आशा उरली नाही ते बुडीत. आणि त्या क्षेत्रातील माणूस तो ‘प्रकल्पग्रस्त’. ग्रहणाने चंद्र ग्रासला जातो, रोगाने शरीर, तसा प्रकल्पाने माणूस ग्रासला गेला असे सरकारी परिपत्रकच म्हणते. अंदाजपत्रकाने जी खर्चाची बाजू कधी पूर्ण लिहिली नाही, ती या दोन शब्दांनी न कळत लिहून ठेवली आहे.

महाराष्ट्राने १९७६ मध्ये विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, आणि १९८६ मध्ये त्याच्या जागी दुसरा केला. या कायद्यांचे मुख्य तत्त्व असे की, लाभक्षेत्रात ठरावीक मर्यादेहून अधिक जमीन असणाऱ्यांकडून काही जमीन घेऊन ती बुडीत क्षेत्रातून उठलेल्यांना द्यावयाची. ज्याला पाणी मिळणार त्याने, ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याला, जमिनीतच मोबदला द्यावयाचा. अनेक ठिकाणी यावरून वाद झाले, दावे झाले. लाभक्षेत्रातील शेतकऱ्याचे म्हणणे असे की, आपल्या शेतात पाणी अद्याप आलेले नाही, मग जमीन आताच का द्यावी? आणि बुडीत क्षेत्रातून उठलेल्याचे म्हणणे असे की, आपले गाव तर केव्हाच पाण्याखाली गेले.